रात्रभर भिजलेलं खाद्य म्हणजे आंबलेलं खाद्य नव्हे

पत्र: नमस्कार डॉक्टर. कुडाळजवळ आमचं छोटं वराहपालन आहे. पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या बारा माद्या आणि एक नर. माल बहुतेक गोव्याला जातो. पिल्लं पस्तिसाव्या दिवशी आईपासून तोडतो. तोडल्यावर आठवड्याच्या आत हगवण लागते आणि प्रत्येक वेतात दोन-तीन पिल्लं दगावतात. गेल्या खेपेला तर सगळ्यात तगडी दोन पिल्लं एका रात्रीत गेली. परदेशात पिल्लांना आंबवलेलं पातळ खाद्य देतात असा व्हिडिओ बघितला. त्यात सांगितल्याप्रमाणे मका भरडा, सोयापेंड, सुकी मासळी, मिनरल मिक्श्चर असं सगळं खाद्य रात्री दोनशे लिटरच्या ड्रममध्ये गूळ आणि थोडं बेकरीचं यीस्ट घालून भिजवते आणि सकाळी घालते. हगवण कमी व्हायच्या ऐवजी वाढली. शेजारी वासाची तक्रार करतात. आमच्या ह्यांचं म्हणणं, हे सगळं बंद कर. मला वाटतं, अजून जास्त वेळ आंबवायला हवं. कोणाचं बरोबर? आणि मोठ्या डुकरांना आम्ही हॉटेलचं खरकटं घालतो, तेही याच ड्रममध्ये आंबवलं तर चालेल का?
– एक वाचक, ता. कुडाळ

उत्तर:

ताई, ड्रमचं नंतर बघू. आधी त्या दोन तगड्या पिल्लांबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय.

साध्या हगवणीत आधी बारकी, मागे पडलेली पिल्लं जातात. वेतातली सगळ्यात खाती, सगळ्यात वाढलेली पिल्लं तोडल्यानंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत रातोरात मेली, तर मला पहिला संशय येतो तो एडिमा रोगाचा. साध्या हगवणीसारखा हाही आतड्यातल्या ई. कोलाय जंतूचाच प्रताप, पण वेगळ्या जातीचा. तो आतड्यात बसून विष सोडतो आणि ते विष रक्तवाहिन्यांवर जातं. पापण्या आणि कपाळ सुजतं, पिल्लू झोकांड्या खातं, आवाज घोगरा होतो, आडवं पडून पाय मारत राहतं. ताप बहुधा नसतो. कित्येकदा यातलं काहीही दिसायच्या आत पिल्लू मेलेलं सापडतं. जे जास्त खातं त्यालाच हा रोग आधी गाठतो, म्हणून तगडी जातात. तुमच्या पिल्लांना हाच रोग होता असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पुढच्या वेळी असं पिल्लू मेलं तर पुरण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करून घ्या. आणि लहान-मोठी, सगळ्या वयाची डुकरं जोराच्या तापाने पडायला लागली, कान-पोट लालनिळं दिसायला लागलं, तर ती वेगळी आणि फार मोठी गोष्ट आहे. तेव्हा एकही जनावर हलवू नका, विकू नका, लगेच कळवा. आफ्रिकन स्वाइन फिव्हर 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलमधून आपल्या देशात शिरला आहे आणि त्याची खबर देणं कायद्याने बंधनकारक आहे.

आता ड्रम. तुमचं बरोबर की ह्यांचं? आज जे खाद्य तुम्ही घालताय ते बंद करा, म्हणजे ह्यांचं बरोबर. पण ते बंद करायचं ते आंबवणं वाईट म्हणून नाही. ते आंबलेलंच नाही, म्हणून. म्हणजे तुमचंही बरोबर. मात्र आहे तेच आणखी चार तास ठेवून काही होणार नाही, कारण ड्रममध्ये जे घातलंय तेच मुळात गडबडीचं आहे.

भरड्यात पाणी पडलं की त्यातले सगळेच जंतू जागे होतात. दही लावणारे, म्हणजे लॅक्टिक आम्ल करणारे जंतू त्यात असतात, तसे ई. कोलायच्या कुळातलेही असतात. सुरुवातीला खाद्य गोडं असतं, आम्ल नसतं, म्हणून पहिल्या बारा-चोवीस तासांत हे दुसरे जंतूच भराभर वाढतात. मग हळूहळू लॅक्टिक आम्ल साचतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साडेचारच्या खाली उतरतो आणि त्या आम्लातच ते मरायला लागतात. तिथून पुढे ड्रम लॅक्टिक जंतूंच्या ताब्यात. आता तुमचं वेळापत्रक बघा. रात्री आठला भिजवलं, सकाळी सातला घातलं. अकरा तास. म्हणजे वाईट जंतू भरात आणि आम्ल अजून अपुरं, नेमक्या त्या वेळी तुम्ही ड्रम उघडताय. आईपासून नुकत्याच तोडलेल्या पिल्लाच्या पोटात यापेक्षा कोरडं खाद्य गेलेलं शंभर पटींनी बरं. शेजाऱ्यांना येणारा वासही हेच सांगतो. नीट आंबलेल्या खाद्याला आंबट ताकाचा वास येतो, आणि त्याबद्दल कोकणात तरी कोणी तक्रार करणार नाही.

यीस्ट आणि गुळाची शिफारस ज्यांनी केली त्यांना नमस्कार. पाणी, पीठ, गूळ आणि यीस्ट झाकून ठेवलं की जे होतं ते तुमच्या भागात सांगायला नको. यीस्टचं काम दारू आणि वायू करणं. खाद्यातली ताकद वायू होऊन उडून जाते, फेस येतो, चव बिघडते आणि हवं ते लॅक्टिक आम्ल मात्र वाढत नाही. धान्यावर थोडं यीस्ट मुळातच असतं, ते आंबवताना वाढतंही. तेवढं चालतं. आपण मुद्दाम घालायचं नाही. गुळाचीही गरज नाही.

पण मुळात हा खटाटोप करायचा कशासाठी? मादी साधारण तासातासाला पाजते. दुधातल्या साखरेपासून पिल्लाच्या जठरात लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि जठर आंबट राहतं. पिल्लाचं स्वतःचं आम्ल या वयात पुरेसं सुटत नाही. ज्या दिवशी आई तुटते त्या दिवशी दूध तुटतं, त्याबरोबर आंबटपणाही जातो. शिवाय नवी जागा, नवे सोबती, कोरडा भरडा आणि भिंतीवर कुठेतरी पाण्याचं निपल. काही पिल्लं पहिला अख्खा दिवस तोंडच लावत नाहीत, एखाददुसरं दोन दिवससुद्धा. उपाशी राहिलं की आतड्याच्या आतल्या बाजूची बोटांसारखी बारीक लव दोन-तीन दिवसांत खुरटते. मग भूक अनावर होऊन पिल्लू एकदम भरपूर खातं, ते पचत नाही, न पचलेलं खाद्य आतड्यात जंतूंना मिळतं आणि हगवण सुरू होते. तुमची हगवण ‘आठवड्याच्या आत’ लागते याचं कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

पातळ खाद्य यातल्या दोन गोष्टी साधतं. पिल्लाला अन्न आणि पाणी वेगवेगळं शोधावं लागत नाही, दुधासारखं तोंडापुढे येतं. आणि ते खरोखर आंबलेलं असेल, तर दुधाने दिलेला आंबटपणा बाहेरून मिळतो. युरोपात 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला बंदी आली आणि 2022 च्या जूनपासून हगवणीसाठी वापरायचं जादा मात्रेचं झिंक ऑक्साइडही बंद झालं. त्यामुळे डेन्मार्क, नेदरलँड्सकडच्या डुक्करवाल्यांना असे मार्ग शोधणं भागच पडलं. त्यातून तिकडे चीजच्या कारखान्यांचं व्हे (चीज करताना उरणारं पाणी), बिअरचा चोथा असला पातळ माल स्वस्तात मिळतो आणि नळातून थेट गव्हाणीत खाद्य सोडायची यंत्रं आहेत. व्हिडिओत दिसतं ते हे. त्यातलं यंत्र आपल्याला नको, तत्त्व मात्र घेण्यासारखं आहे.

फायदा किती? 1998 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी तोपर्यंतचे प्रयोग एकत्र मांडले. कोरड्या खाद्याशी तुलना करता आंबवलेल्या पातळ खाद्यावर पिल्लांची वाढ सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास जास्त दिसली, पण प्रयोगाप्रयोगांत फरक फार मोठा होता. आणि त्याच आढाव्यातला दुसरा आकडा व्हिडिओवाले सांगत नाहीत: खाद्याचा उपयोग सुमारे 11 टक्क्यांनी खराब झाला, मुख्यतः पातळ खाद्य सांडून-उधळून वाया गेल्यामुळे. म्हणजे गव्हाण नीट नसेल तर कमावलेलं गटारात.

तुम्ही सगळं खाद्य एकत्र भिजवता, तेही थांबवा. फक्त धान्य आंबवायचं. सोयापेंड, मासळी, मिनरल मिक्श्चर, मीठ, लायसिन हे सगळं घालताना मिसळायचं. याची कारणं ठोस आहेत. लायसिन म्हणजे प्रथिनाचा एक घटक. पाकिटातलं लायसिन मोकळं असतं आणि ड्रममधल्या ई. कोलायला ते फार आवडतं. तो त्याचं कॅडाव्हरिन नावाचं दुर्गंधी द्रव्य करून टाकतो. म्हणजे खाद्यातला महागडा पदार्थ पिल्लांऐवजी जंतूंना घातला आणि वर खाद्याची चव बिघडवली. मिनरल मिक्श्चरमध्ये चुनखडी असते. ती तयार होणारं आम्ल मारत राहते, मग पीएच उतरतच नाही. आणि सुक्या मासळीतून सॅल्मोनेलासारखे नको ते जंतू ड्रममध्ये शिरायची भीती. धान्यासोबत थोडा गव्हाचा कोंडा मात्र आंबवायला जरूर घाला. त्यातल्या फायटेज नावाच्या एन्झाइममुळे भिजलेल्या धान्यात अडकून बसलेला फॉस्फरस सुटतो आणि पिल्लाला मिळतो. मक्यात आणि तांदळात हे फायटेज फारच कमी.

आता दोनशे लिटरचा ड्रम. तो कशाला हवा? हिशोब करू. समजा, एका वेळी दोन माद्यांची मिळून अठरा पिल्लं तोडली. पहिल्या आठवड्यात एक पिल्लू दिवसाला सरासरी दोनशे ग्रॅमच्या आसपास खाद्य खाईल. म्हणजे अठरा पिल्लांना साडेतीन-चार किलो. त्यातलं धान्य साधारण साठ टक्के, म्हणजे दोन-सव्वादोन किलो. त्याला अडीच पट पाणी धरलं तर रोजचं आंबवण सात-आठ लिटर. विरजणासाठी तेवढंच मागे ठेवायचं, म्हणजे झाकणाची वीस लिटरची बादली पुरते. दुसऱ्या आठवड्यात खाणं दुप्पट होईल तेव्हा चाळीस-पन्नास लिटरचं पिंप घ्या. मोठ्या ड्रमच्या तळाशी घट्ट गाळ बसतो, तो ढवळला जात नाही, धुतला जात नाही, आणि तळाशी काय चाललंय ते वरून कळत नाही.

पद्धत अशी. मका आणि गहू किंवा तांदळाची कणी बारीक भरडून घ्या. बुरशीचा दाणा एकही नको. आंबवल्याने बुरशीचं विष जात नाही, हे पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवा. तांदळाचं पॉलिश दमट हवेत लवकर खवट होतं, ते मोठ्या डुकरांसाठी राहू द्या. एक किलो भरड्याला अडीच लिटर कोमट पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. विरजण म्हणून सगळ्यात भरवशाचं म्हणजे मुरघासाचं, म्हणजे हिरवा चारा आंबवून टिकवायचं, कल्चर. दूधवाल्यांसाठी जी पाकिटं मिळतात त्यांत बहुधा लॅक्टोबॅसिलस प्लांटारम असतो आणि धान्य आंबवायला तो उत्तम. प्रमाण पाकिटावर असतं ते मुरघासाच्या टनाला असतं. आपल्याला चिमूटभर पुरेल, थोडं जास्त पडलं तरी नुकसान नाही. कल्चर नसेल तर घरचं ताजं आंबट ताक, दहा लिटरला अर्धा लिटर. ताकातल्या जंतूंना दुधाची सवय असते, धान्यावर ते थोडे सावकाश चालतात, पण चालतात. मीठ-जिरं घातलेलं ताक नको, हे सांगायची खरं तर गरज नाही, पण सांगून ठेवते.

झाकण ठेवा, पण घट्ट दाबू नका, वायूला वाट हवी. दिवसातून एक-दोनदा स्वच्छ काठीने ढवळा. आणि आता यातली सगळ्यात महत्त्वाची खरेदी: पीएचच्या पट्ट्या. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानात मिळतात, किंमत एका मेलेल्या पिल्लापुढे काहीच नाही. चोवीस तासांनी पट्टी बुडवा. पीएच पाचाच्या वर असेल तर थांबा. अठ्ठेचाळीस तासांनीही साडेचारच्या वर असेल तर ती घाण खड्ड्यात ओता, भांडं धुऊन वाळवा आणि नव्याने लावा. चारच्या आसपास आला की झालं. फार खाली, साडेतीनच्याही खाली गेला तर पिल्लं तोंड फिरवतात. तेव्हा थोडं साधं पाणी आणि भरडा घालून लगेच द्या. पट्टी न लावता नुसत्या वासावर जाऊ नका, पण वासही घ्या. ताकाचा वास बरोबर, नाकात झोंबणारा शिरक्याचा किंवा दारूचा वास चूक, आणि कुजका वास आला तर विचारही करायचा नाही.

हे विरजण सुरू झालं की पुढचं काम आंबोळीच्या पिठासारखं. रोज अर्धं काढायचं, अर्धं ठेवायचं, आणि काढलं तेवढंच भरडा-पाणी त्याच प्रमाणात घालायचं. मागे राहिलेल्या आंबटात नवं धान्य पडतं, त्यामुळे ‘गोडा’ काळ येतच नाही आणि वाईट जंतूंना वाढायला फटच मिळत नाही. ही अर्धं ठेवायची सवय म्हणजे या पद्धतीचा कणा. घाईत कोणी पिंप पूर्ण रिकामं करून धुतलं, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात, पुन्हा अठ्ठेचाळीस तास थांबणं. तरी दोन-तीन आठवड्यांनी, किंवा यीस्टचा फेस वाढायला लागला की, मुद्दाम नवं लावलेलं बरं. म्हणूनच पिल्लं तोडायच्या तीन-चार दिवस आधी विरजण लावा. तोडायच्या दिवशी ते तयार हवं.

कुडाळला उन्हाळ्या-पावसाळ्यात ऊब आपोआप मिळते. पंचवीस ते तीस-पस्तीस अंश हे तापमान छान. अडचण डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींची. वीस अंशांच्या खाली आंबवणं रेंगाळतं, यीस्ट शिरजोर होतं आणि ई. कोलाय जास्त वेळ जिवंत राहतो. थंडीत पिंप गोणपाटात गुंडाळून चुलीजवळच्या खोलीत ठेवा.

बांद्या-सावंतवाडीकडे पनीर करणारी एखादी डेअरी असेल तर पनीरचं पाणी मिळतं का बघा. त्यात दुधाची साखर चांगली असते, लॅक्टिक जंतूंनाही ती हवी असते आणि पिल्लांनाही. भरड्यातलं निम्मं पाणी काढून त्याजागी ते घाला. मात्र त्याच दिवशीचं हवं, दोन दिवस कॅनमध्ये राहिलेलं नको.

घालताना काय करायचं ते आता. पिल्लं पंधरा दिवसांची झाली की थोडं कोरडं पिल्लांचं खाद्य ठेवायला सुरुवात करा, आणि तोडायच्या आधीच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत आंबवलेलं दोन-दोन चमचे उथळ ताटलीत द्या, म्हणजे चव ओळखीची होते. तोडल्यावर पहिल्या आठवड्यात दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. प्रत्येक वेळी आंबवलेलं धान्य काढायचं, त्यात सोयापेंड, मासळी, मिनरल मिक्श्चर मिसळायचं आणि लगेच घालायचं. मिसळलेलं खाद्य ठेवून द्यायचं नाही. वीस मिनिटांत-अर्ध्या तासात गव्हाण चाटून साफ झाली पाहिजे. उरलं तर काढून टाका, पुढच्या खेपेला कमी घाला. गव्हाणीत संध्याकाळपर्यंत पडून राहिलेला लगदा म्हणजे पुन्हा तुमचा तो रात्रीचा ड्रमच. गव्हाण उथळ, बोळकं-कोपरे नसलेली, रोज एकदा धुतलेली हवी, आणि लांबीला एकेका पिल्लाला वीतभर जागा. जागा कमी पडली की तगडी खातात आणि बारकी मागे उभी राहतात, म्हणजे एकाच वेतात एडिमाही आणि उपासमारही.

पातळ खाद्य आहे म्हणून निपलचं पाणी बंद करू नका. पिल्लांना साधं पाणी कायम हवं. खाद्यात मीठ जास्त झालं आणि पाणी तुटलं तर डुकराच्या मेंदूवर परिणाम होतो, आंधळ्यासारखी भिंतीवर डोकं टेकून उभी राहतात.

एडिमाचा संशय आहे तोवर पहिले दहा दिवस पोटभर घालायचा मोह आवरा. साधारण पोटाला सोसेल त्याहून थोडं कमीच. सोयापेंड वीस टक्क्यांच्या वर नेऊ नका आणि एकूण प्रथिनं सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास ठेवा. थोडा कोंडा चालेल. वाढ आठवडाभर मंद दिसेल. दिसू द्या. जी पिल्लं वाचतात ती पुढच्या महिन्यात तेवढं वजन भरून काढतात. पेंड नीट भाजलेली आहे ना तेही बघा. कच्चट सोयापेंडीने पिल्लांना हगवण लागतेच, मग खाद्य आंबवा नाहीतर न आंबवा.

पस्तिसावा दिवस मला घाईचा वाटत नाही. पण दिवसाबरोबर वजनही बघा. सात किलोच्या आतलं पिल्लू आणखी आठवडाभर आईपाशी राहिलं तर मादीला फारसा तोटा नाही. तोडताना मादी हलवा, पिल्लं त्यांच्याच खोपीत राहू द्या. दोन वेतं एकत्र करायची असतील तर लगेच नको, चार-पाच दिवसांनी करा. जमीन कोरडी आणि वाऱ्याची झुळूक अंगावर न येणारी हवी. पावसाळ्यात ओल्या लादीवर कुडकुडणाऱ्या पिल्लाला कितीही उत्तम आंबवण घातलं तरी हगवण लागणारच.

औषधाचं. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक घरांत कपाटात एखादी पावडर असतेच. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक असलेलं जुनं काही शिल्लक असेल तर वापरू नका. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर 2019 पासून आपल्याकडे बंद आहे, आणि ते योग्यच झालं. हगवण लागलेल्या पिल्लाला पहिलं औषध म्हणजे क्षारसंजीवनीचं पाणी आणि ऊब, पुढचं डॉक्टरांना ठरवू द्या. आंबवलेलं खाद्य हे औषध नव्हे. लागलेली हगवण त्याने बरी होत नाही, लागायची शक्यता कमी होते, एवढंच.

राहिलं खरकटं. तुमच्या या प्रश्नाला उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. त्या ड्रममध्ये नाही, दुसऱ्या ड्रममध्येही नाही. हॉटेलच्या खरकट्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, गोव्याच्या बाजूला तर असतातच, आणि त्यातून स्वाइन फिव्हर, आफ्रिकन आणि आपला नेहमीचा दोन्ही, थेट खोपीत येतात. आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू आंबटपणाला जुमानत नाही. चारच्या आसपासच्या पीएचमध्ये तो तग धरतो, म्हणजे नेमकं आपलं आंबवण जिथे थांबतं तिथेच. त्याला मारते ती उष्णता. खरकटं घालायचंच असेल तर नव्वद अंशांवर, सतत ढवळत, किमान एक तास शिजवलेलं, आणि कच्चं खरकटं ज्या बादलीतून आलं ती बादली शिजवलेल्याला लावायची नाही. हे रोज, न चुकता जमणार नसेल तर सोडून द्या. तोडलेल्या पिल्लांना तर शिजवलेलंही नको, त्यातलं मीठ-मसाला-तेल त्यांना झेपत नाही. नेहमीच्या स्वाइन फिव्हरची लस दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या. आफ्रिकनवर ती चालत नाही.

सगळ्या पिल्लांवर एकदम प्रयोग करू नका. एका वेळी दोन माद्यांची पिल्लं तोडत असाल तर एका वेताला आंबवलेलं द्या आणि दुसऱ्याला तुमचं नेहमीचं कोरडं. दोन्हीकडे सोयापेंड तेवढीच, जागा तेवढीच. तोडायच्या दिवशी आणि त्यानंतर एकविसाव्या दिवशी वजन करा. दोन-तीन खेपा असं करून बघितल्याशिवाय ह्यांच्याशी वाद घालू नका. बाजू तुमची असेल तर वहीच ती दाखवेल, आणि नसेल तर वीस लिटरच्या बादलीपलीकडे काही गेलं नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांचा पीएच, मेलेल्या पिल्लांच्या पापण्या सुजल्या होत्या का, आणि तुमच्या भरड्यात सोयापेंड किती टक्के आहे, एवढं कळवा. शवविच्छेदनाचा कागद मिळाला तर त्याचा फोटोही जोडा.